दोन बोल्टांच्या भरवशावर : प्रस्तावना

पान्याचे शेवटचे दोन वळसे झाले आणि बोल्ट हातात आला. एरवी तो चिंधीने पुसून ताटलीत टाकला असता. पण आट्यांच्या खाचेत काहीतरी चमकत होतं. नखाने टोक पकडून ओढलं, तसं ते उलगडत आलं. अ‍ॅल्युमिनियमची बारीक, चपटी तार, स्प्रिंगसारखी वेटोळी, तीनेक वेढ्यांची. ज्या ब्रॅकेटवर पुढच्या चाकाचं कॅलिपर बसतं, त्या ब्रॅकेटच्या भोकातले आटेच बोल्टाने सोलून बाहेर आणले होते. शेजारी उकिडव्या बसलेल्या उस्तादांनी तार तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "चूड़ी मर गई, भाईसाब."

गाडीचा मालक समोर उभा होता. पंचविशीतला मुलगा, मला काका म्हणणारा. आदल्या आठवड्यात तो ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गाडी पळवून आला होता, आणि तिथून इंदूरपर्यंतचा सगळा महामार्ग त्याने याच गाडीने, याच बोल्टावर कापला होता. "काका, टॉर्क रेंचने आवळला होता हो. क्लिक आला होता." तो खरंच सांगत होता. क्लिक आला होता. पण तो आला मळलेल्या, खरवडलेल्या आट्यांच्या घर्षणामुळे. पाना समाधानी झाला होता, बोल्ट मात्र ताणला गेलाच नव्हता.

ती तार मी एका छोट्या डबीत ठेवली आहे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांच्या ब्रेक कॅलिपरचे बोल्ट आणि त्यांचे आटे, एवढ्याच विषयावरची ही पुस्तिका त्या डबीपासून सुरू झाली.

हे घडलं इंदूरच्या खजरान्यात. खजराना म्हटलं की इंदूरकराला आधी गणपती आठवतो. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं हे देऊळ, आणि नवी गाडी घेतली की ती आधी इथे आणायची हा इथला रिवाज. बॉनेटवर स्वस्तिक, काचेवर हार, चाकाखाली लिंबू, एक नारळ, आणि मग गाडी घरी. मीही माझी प्रत्येक गाडी इथे आणली आहे आणि पुढचीही आणेन. त्याच रस्त्याने पुढे रिंग रोडच्या अंगाला गेलं की गल्ल्यांमधून लहान लहान गॅरेजं लागतात. एकात ब्रेकचं काम, दुसऱ्यात रेडिएटर, तिसऱ्यात एक जुनी लेथ आणि खांबाला टांगलेला ट्यूबलाइट. नवेपणी देवाच्या दारात आलेली गाडी काही वर्षांनी या दारात येते. माझी निम्मी हयात या दुसऱ्या दारात गेली आहे. मिस्त्री म्हणून नाही. बघणारा, विचारणारा आणि हळूहळू हात काळे करायला शिकलेला माणूस म्हणून.

आम्ही इंदूरचे मराठी लोक दोन भाषांत जगतो, आणि या विषयात तर ते फारच जाणवतं. घरी म्हणायचं "आटे गेले", गॅरेजात म्हणायचं "चूड़ी मर गई". चूडी हा शब्द कानाला गोड आहे, बांगडीची आठवण देतो. पण त्यामुळे एक गैरसमज होतो. बांगडी गोल, आपल्यातच मिटलेली. आटा तसा नाही. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. महूकडून मंडलेश्वरला उतरणारा जाम घाट डोळ्यांपुढे आणा : डोंगर सरळ चढता येत नाही, म्हणून रस्ता त्याला वळसे घालत चढतो. १२ मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर पिचच्या बोल्टावर एक फेरा म्हणजे जवळपास साडेचौतीस मिलिमीटरची वाट आणि तेवढ्यात फक्त दीड मिलिमीटरचा चढ. इतका मंद चढ आहे, म्हणूनच माणसाच्या मनगटाच्या जोरावर काही टनांची पकड बसते आणि पाना काढल्यावर ती उलटी घसरत नाही. हा चढ एकदा खरवडला गेला की घाटातला रस्ताच वाहून गेला.

आट्याचं माप ठरवायलाही जगाला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचा एकच प्रमाण आटा सुचवला. आज आपल्या गाड्यांवर असतो तो ६० अंशांचा मेट्रिक आटा. पण मेट्रिक म्हणजे सगळं एकच, असं समजू नका. १२ मिलिमीटरचा बोल्ट सव्वा, दीड आणि पावणेदोन अशा तीन पिचांत सर्रास मिळतो. डब्यातला "तसाच दिसणारा" बोल्ट उचलून लावला, तर पहिले दोन-तीन फेरे तो निमूट आत जातो, मग जड होतो. जड झाला म्हणजे नीट बसला, असं वाटून माणूस पान्यावर आणखी जोर देतो, आणि नेमके तेव्हा आटे मरतात. सव्वाच्या जागी दीडचा बोल्ट, एवढ्याशा चुकीने गेलेल्या नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारे भाग, मी पाहिल्या आहेत. पिच गेज ही कंगव्यासारखी साधी पट्टी असते आणि फार महाग नसते. ती पेटीत नसेल, तर आधी ती घ्या आणि मग पुढचं वाचा.

ट्रॅकचा आणि इंदूरचा काय संबंध, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. शहरापासून तासाभराच्या वाटेवर धार जिल्ह्यात पिथमपूर आहे, आणि तिथे नॅट्रॅक्स आहे : वाहनांच्या चाचणीसाठी सरकारने सुमारे १००० एकरांवर उभारलेलं केंद्र. त्याचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल अतिवेगवान ट्रॅक २९ जून २०२१ रोजी सुरू झाला, आणि तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब असल्याचं जाहीर झालं. त्याच्या कितीतरी आधी, २००७ पासून, पिथमपूरला बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. पुणे, सांगली, कोल्हापूर, नागपूर इथल्या अभियांत्रिकीच्या पोरांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेल्या गाड्या टेम्पोत घालून इथवर आणल्या. रात्री अकराला "काका, एम ८ चा टॅप कुठे मिळेल?" असं विचारत फिरणारी ही पोरं मी पाहिली आहेत.

या पोरांना मी फार मानतो, कारण आपल्या रस्त्यावरच्या गॅरेजांना जे कोणी शिकवलं नाही ते त्यांना नियमपुस्तकाने शिकवलं. अशा विद्यार्थी-स्पर्धांत ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या बोल्टांना वेगळा दर्जा असतो. नट स्वतःहून सुटू नये अशी यांत्रिक सोय लागते : नायलॉनच्या कड्याचा नट, कॉटर पिन किंवा पीळ दिलेली सुरक्षा-तार. नटाच्या बाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. बोल्टाला लावायचा चिकट द्रव ही सोय म्हणून धरली जात नाही. आणि मैदानात उतरण्याआधी चारही चाकं एकदम जाम करून दाखवावी लागतात. वीस वर्षांची मुलगी पाठीवर पडून, टॉर्च तोंडात धरून दोन आटे मोजताना दिसली की मला वाटतं, हे आपल्या प्रत्येक गॅरेजात का होऊ नये?

वेगाचं वेड इंदूरला नवं नाही. महाराजा यशवंतराव होळकर द्वितीय यांच्याकडे १९३० च्या दशकात जी गाडी आली ती ड्युसेनबर्ग एसजे, वर गर्नी नटिंगची बॉडी. जगभरच्या मोटारप्रेमींना ती आजही ठाऊक आहे. त्याच ड्युसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी बाजारात आणली होती. डिस्क ब्रेकने आपली ताकद दाखवली ती १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांत, जग्वारच्या सी-टाइपवर. शर्यतीत सिद्ध झालेला तो ब्रेक आज आपल्या अगदी छोट्या गाडीच्याही पुढच्या चाकावर आहे, आणि त्याच्याबरोबर कॅलिपर धरणारे दोन बोल्टही.

आता त्या दोन बोल्टांवर काय गुदरतं ते सांगतो. आकडे मी गोल धरले आहेत, पण हिशोब खरा आहे आणि या पुस्तिकेचा सगळा डोलारा त्यावरच आहे.

समजा, माणसासकट ११०० किलोची हॅचबॅक आहे. बुद्ध सर्किटच्या किलोमीटरभर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी तिने ताशी १५० वरून ६० वर वेग आणला. ब्रेक पूर्ण लागले तर हे अडीच-तीन सेकंदांत होतं. तेवढ्या वेळात जवळपास ८०० किलोज्यूल ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन शिरते. घरातलं अडीच लिटर पाणी उकळायला लागते तेवढी ही उष्णता. चहाचं आधण यायला गॅसवर किती वेळ लागतो ते आठवा आणि मग तीन सेकंदांचा विचार करा. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. पाच-सहा फेऱ्यांनंतर डिस्क पाचशे अंशांच्या पुढे गेलेली असते आणि कॅलिपरचं अंगही दीडशे-दोनशेला पोचू शकतं.

आता जोर. टायरने रस्त्याला पूर्ण धरलं, तर पुढच्या एका चाकावर साधारण ३८५ किलोंचा रोधक जोर येतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, पण पॅड डिस्कला धरतो ती त्रिज्या ११ सेंटिमीटर. म्हणजे कॅलिपरला डिस्कबरोबर ओढून नेणारा जोर पावणेतीन पट होतो : एक टनाहून थोडा जास्त. तो अडवायला असतात फक्त दोन बोल्ट.

पण अडवतात कसे? बहुतेकांना वाटतं, बोल्टाचा दांडा मध्ये आडवा उभा असतो आणि तोच जोर झेलतो. तसं नाही. नीट आवळलेला १२ मिलिमीटरचा, १०.९ ग्रेडचा बोल्ट स्वतः ताणला जातो आणि दोन भागांना साधारण पाच टनांनी एकमेकांवर दाबून धरतो. दोघांचे दहा टन. पोलादी पृष्ठभागांतलं घर्षण ०.१५ धरलं, तर त्या दाबामुळे सरकण्याला दीड टनाचा विरोध तयार होतो. मागणी एका टनाची, शिल्लक अर्धा टन. सगळं निवांत. आता एका बोल्टाचा ताण निम्मा झाला असं समजा : विरोध उरला जेमतेम सव्वाअकराशे किलो. म्हणजे काठावर. एक बोल्ट पूर्ण सैल पडला की उरतो पाऊण टन, आणि कॅलिपर दर ब्रेकला सूतभर सरकू लागतं, मागे येतं, पुन्हा सरकतं. त्या हेलकाव्याने दुसरा बोल्टही सुटतो, वाकतो किंवा थकून तुटतो. कॅलिपर सुटलं की ते चाकाच्या आत अडकतं किंवा ब्रेकचा पाइप उपटून काढतं. पुढचं मी लिहीत नाही.

म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणतो : कॅलिपर धरून ठेवतो तो बोल्टाचा ताण, आणि ताण धरून ठेवतात ते आटे. बोल्ट चाळीस-पन्नास रुपयांत नवा येतो. भोकातले आटे नकलचा किंवा ब्रॅकेटचा भाग असतात. ते दुकानातून आणता येत नाहीत. तरी सगळी काळजी बोल्टाची घेतली जाते आणि भोकाकडे कोणी टॉर्च मारूनही पाहत नाही.

रोजच्या गाडीला हे चालून जातं. तिचं कॅलिपर दोन-तीन वर्षांतून एकदा उघडतं. कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला जी ओतकामं होतात तशा बिडाची नकल असेल, तर आटे दणकट असतात आणि माफही करतात. ट्रॅकवरच्या गाडीचं तसं नाही. तिच्या मालकाकडे रस्त्याचे पॅड वेगळे, ट्रॅकचे वेगळे. कधी डिस्कही वेगळ्या. शुक्रवारी काढा, सोमवारी परत घाला. वर्षाला सहा वेळा ट्रॅकवर गेला, तर तेच बोल्ट बारा वेळा बाहेर आणि बारा वेळा आत. त्यात वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमचं कॅलिपर, अ‍ॅल्युमिनियमचं ब्रॅकेट. पोलादी बोल्टाचा कठीण आटा मऊ धातूत फिरतो तेव्हा दर वेळी थोडी कातडी सोलतो. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्ट तेवढा लांबत नाही, म्हणून गरम असताना आट्यांवरचा दाब वाढतो, धातू कणभर बसतो, आणि गाडी थंड झाल्यावर पूर्वीचा ताण परत येत नाही. जोडीला आपल्या पावसाळ्याचं पाणी : दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट भोकात रुतून बसतो. तो ओढून काढताना जे येतं ते माझ्या डबीत आहे.

मरण्याआधी आटे इशारा देतात. आवळताना पाना एकाएकी जड होण्याऐवजी लापशीसारखा लागतो. फिरतोय, फिरतोय, पण घट्टपणा येत नाही. बोल्टाच्या खाचांत चंदेरी चुरा दिसतो. हाताने शेवटपर्यंत जाणारा बोल्ट मध्येच एका जागी अडतो. या तिन्हींतलं एकही दिसलं तर ते भोक संशयित धरावं. "आत्ता आवळून टाक, आल्यावर बघू" हे वाक्य मी ट्रॅकच्या पार्किंगमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे, की तेवढं वाक्य बंद झालं तरी या पुस्तिकेचे कष्ट फळाला आले असं मी म्हणेन.

टॉर्कबद्दलही एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण त्या मुलाचा क्लिक इथेच फसला. पान्यावर आपण जो जोर लावतो त्याचा साधारण नऊ दशांश भाग घर्षण खातं : निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली, बाकीचा आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. त्यामुळे आट्यांत थोडी माती, जुन्या चिकट द्रवाचे पापुद्रे किंवा खरवड असली, की क्लिक वेळेवर येतो आणि ताण निम्मासुद्धा बसलेला नसतो. उलट, कोरड्या बोल्टासाठी दिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या बोल्टावर वापरला, तर ताण भलताच वाढतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटले जातात. म्हणून आधी स्वच्छता, मग टॉर्क. आणि टॉर्कचा आकडा त्या गाडीच्या किंवा त्या कॅलिपरच्या पुस्तकातलाच, कोरडं की ओलं या सूचनेसकट. गाइड पिनचे बोल्ट पंचवीस-तीस न्यूटन-मीटरचे असतात आणि ब्रॅकेटचे शंभराच्या आसपासचे, हे फक्त अंदाजासाठी सांगतो. दोघांची अदलाबदल करून दोन्ही बिघडवलेल्या गाड्या आमच्या गल्लीत आल्या आहेत.

त्या मुलाच्या ब्रॅकेटचं पुढे काय केलं, ते सविस्तर लिहितो, कारण दुरुस्तीबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं आहेत. एक म्हणतो, आटे गेले की भाग फेकून द्यावा. दुसरा म्हणतो, एक नंबर मोठा बोल्ट ठोका, काम तमाम. पहिला उगाच खर्चात पाडतो. दुसरा जीव धोक्यात घालतो : मोठ्या भोकाने कडेचा धातू पातळ होतो, कॅलिपरचं भोक मात्र जुन्याच मापाचं राहतं, आणि बोल्ट बसावा म्हणून तेही कोरलं जातं. भोकात इपॉक्सी भरणं किंवा वेल्डिंगने बुजवून पुन्हा आटे पाडणं, हे ब्रेकच्या जागी मी कोणालाही करू देणार नाही.

मधला आणि योग्य रस्ता म्हणजे आत नवा आटा बसवणं. त्याचे दोन प्रकार. एक तारेचा : चौकटसर छेदाच्या स्टेनलेस तारेची घट्ट वेटोळी, जिला गॅरेजात हेलिकॉइल म्हणतात. दुसरा भरीव बुशचा : बाहेरून आणि आतून आटे असलेली पोलादी नळी, वरच्या तोंडाला बारीक कॉलर. तारेला कमी धातू लागतो. १२ च्या दीड पिचसाठी साधारण सव्वाबारा-साडेबाराचं ड्रिल आणि जवळपास १४ मिलिमीटरपर्यंत जाणारा खास टॅप. बुश थोडा जास्त धातू मागते, पण वरचेवर उघडणाऱ्या बोल्टाबरोबर ती वर उचलली जात नाही. माझा कौल ट्रॅकच्या गाडीसाठी बुशला आहे, जिथे धातू पुरेसा असेल तिथे. यात कमीपणा काही नाही. विमानांच्या इंजिनांत नव्याकोऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांतच अशी तार पहिल्या दिवसापासून बसवतात, कारण पोलादी आटा मऊ धातूवरचा जोर मोठ्या घेरावर पसरवतो आणि मूळ आट्यापेक्षा जास्त टिकतो.

उस्तादांनी आधी ब्रॅकेट गाडीवरून पूर्ण उतरवलं. गाडीवरच हाताच्या ड्रिलने काम उरकता आलं असतं, अर्ध्या तासात. पण हाताने मारलेलं भोक अंशभर जरी तिरकं गेलं तरी बोल्टाचं डोकं एका कडेवर टेकतं आणि ताण एका बाजूने जातो. ब्रॅकेट पेट्रोलने धुतलं, रंगीत द्रव आणि पांढरी पावडर लावून त्यात तडा नाही ना, ते पाहिलं. कडेपासून भोकापर्यंतचा धातू व्हर्नियरने मोजला. मग शेजारच्या गल्लीतल्या मिलिंग मशीनच्या टेबलावर ते बांधलं आणि डायल लावून भोक सरळ आहे याची खात्री केली. ड्रिल झाल्यावर टॅप हाताने. टॅपवर रॉकेलचे दोन थेंब. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेलच लागतं, नाहीतर धातू टॅपला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा पुढे. चुरा तुटल्याचा बारीकसा कर्र आवाज येई, मगच हात पुढे जाई. मध्ये दोनदा टॅप पूर्ण बाहेर काढून भोक हवेने साफ केलं. मुलगा म्हणाला, "उस्ताद, किती सावकाश करता!" उस्ताद मान वर न करता म्हणाले, "बेटा, गलत चूड़ी जल्दी कटती है।"

बुश बसली, कॉलर पृष्ठभागाच्या सपाटीला टेकली. मग आम्ही आणखी एक बदल केला, जो मी प्रत्येक ट्रॅकवाल्याला सुचवतो : बोल्टाऐवजी स्टड. स्टड एकदा आत बसला की तिथेच राहतो. पुढे दर वेळी उघडतो तो बाहेरचा नट. झिजलाच तर नट झिजतो, आणि नट खिशातून बदलता येतो. भोकातल्या आट्याला पुन्हा कोणी हात लावत नाही. मूळ कॅलिपरच्या रचनेत स्टडला जागा असली पाहिजे, ही अट. कुठे जागा असते आणि कुठे नसते, त्याचं वेगळं प्रकरण आत आहे.

आणि कधी दुरुस्ती करू नये, हेही तितक्याच ठामपणे. तडा दिसला, कडेचा धातू पातळ उरला, भोक आधीच एकदा दुरुस्त झालेलं असलं, किंवा भाग अपघातात वाकलेला असला, तर तो फेका. नकल नवी घ्या. पैसे नसतील तर तेवढा हंगाम ट्रॅकवर जाऊ नका. कोइम्बतूरची करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा मद्रासचा ट्रॅक, सगळे पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

पुस्तिकेत काय आहे, ते थोडक्यात. पहिली दोन प्रकरणं ओळखीची : आटे, पिच, ग्रेड, आणि बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे कसे वाचायचे. नंतर देखभाल, आणि त्यात सर्वांत मोठा भाग साफसफाईचा, कारण जुने आटे साफ करायला कापणारा टॅप फिरवणं ही फार पसरलेली चूक आहे. तो दर वेळी थोडा धातू खातो. त्यासाठी आटे चोपून सरळ करणारं वेगळं हत्यार असतं. मग दुरुस्ती. ब्लीड निपल आणि ब्रेक पाइपचा पोकळ बोल्ट यांवर छोटं प्रकरण शेवटी. कॅलिपरचं सील बदलणं, पॅडची निवड, ब्रेक ऑइल हे विषय मी मुद्दाम घेतले नाहीत. त्यांवर लिहिणारे माझ्याहून जाणकार आहेत.

भाषेबद्दल दोन शब्द. मी आटा, पाना, गोटी, टॅप, बुश असेच शब्द ठेवले आहेत, कारण खजरान्यात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि पुण्याजवळच्या भोसरीत हेच बोलले जातात. हे पुस्तक ज्याच्या हातात मला हवं आहे, त्याने ते गाडीखाली झोपून वाचावं आणि कुठेही अडू नये.

ज्यांच्या तोंडून यातलं निम्मं आलं ते उस्ताद आपलं नाव छापू नका म्हणाले. त्यांचा मान राखतो. त्या मुलाने आपली चूक लिहायला आनंदाने परवानगी दिली. त्याची गाडी त्यानंतर चार वेळा ट्रॅकवर जाऊन आली आहे.

वाचकांना एकच विनंती. बोल्ट आवळून झाला की डोक्यावरून नकलपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. ट्रॅकवरच्या प्रत्येक सत्रानंतर, चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून ती रेघ जुळते का पाहा. न जुळली, तर गाडी तिथेच उभी करा, थंड होऊ द्या, आणि नेमकं काय आढळलं ते लिहून मला कळवा : गाडी कोणती, बोल्टाचं माप काय, किती वेळा उघडला होता, टॉर्क किती दिला होता. पुढच्या आवृत्तीत हे तपशील मला घालायचे आहेत.

खजराना, इंदूर